दिवसाचा दिवा : ‘दिवाळे’ या शब्दाची कथा

(संस्थेच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त पनवेल येथे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)

 

संस्थेच्या पन्नास वर्षांच्या वाटचालीचे औचित्य साधून आपण मला दोन शब्द बोलण्याची संधी दिलीत, याबद्दल प्रथम ऋण व्यक्त करतो. सुवर्णमहोत्सवात सुवर्णाच्या गोष्टी बोलाव्यात, असा संकेत आहे. मी मात्र आज अशुभ मानल्या गेलेल्या एका शब्दावर बोलणार आहे. तो शब्द म्हणजे ‘दिवाळे’. मंगल प्रसंगी अमंगल शब्द कशाला, असे कोणाच्या मनात येईल. शेवटपर्यंत ऐकावे आणि मग तो शब्द खरोखर अमंगल आहे का हे ठरवावे, एवढीच विनंती.

हा विषय सुचला तो माझ्या नातवामुळे. महाविद्यालयात शिकणारा हा मुलगा परवा महिनाअखेरीस सहज म्हणाला, “आजोबा, मी अगदी ब्रोक झालोय.” हल्लीची सगळीच मुले हा शब्द वापरतात. मी त्याला विचारले, “ब्रोक म्हणजे मोडलेला. तुझे काय मोडले?” त्याला उत्तर देता आले नाही. मग आम्ही दोघांनी मिळून शब्दांचा शोध घेतला. त्यात जे हाती लागले, ते आज आपल्यापुढे ठेवतो.

‘ब्रोक’चा थोरला भाऊ म्हणजे ‘बँकरप्ट’. हा शब्द इटालियन भाषेतून इंग्रजीत आला आणि त्याचा मूळ अर्थ ‘मोडलेले बाक’ असा आहे. मध्ययुगात इटलीतील शहरांत सराफ मंडळी बाजारात बाक मांडून बसत. नाण्यांची अदलाबदल, ठेवी, कर्ज हा सारा व्यवहार त्या बाकावर चाले. बाकाला त्यांच्या भाषेत ‘बांका’ म्हणतात. आज जगभर रूढ असलेला ‘बँक’ हा शब्द त्या बाकावरूनच आला. ज्या सराफाला देणे फेडता येत नसे, त्याचे बाक मोडले असे म्हणत. लोक ते बाक खरोखरच मोडून टाकत, अशीही कथा सांगितली जाते.

आपल्याला ही कल्पना परकी वाटू नये. आपल्याकडची ‘पेढी’ काय आणि ‘गादी’ काय, दोन्ही व्यापाऱ्याच्या बसण्याचीच ठिकाणे. शत्रुंजयासारख्या महातीर्थाचा कारभार पाहणाऱ्या अहमदाबादच्या शेठ आणंदजी कल्याणजी संस्थेच्या नावातही ‘पेढी’च आहे. माणूस जेथे बसून शब्द देतो, त्या जागेला आपल्या पूर्वजांनी पावित्र्य दिले.

परंतु ती जागा डळमळीत झाली की काय होई, याचे आपल्याकडचे उत्तर इटलीपेक्षा निराळे आहे. १८८६ साली यूल आणि बर्नेल या दोन इंग्रज विद्वानांनी ‘हॉब्सन-जॉब्सन’ नावाचा, हिंदुस्थानी शब्दांचा एक मोठा कोश प्रसिद्ध केला. त्यात ‘दिवाळिया’ या शब्दाची नोंद आहे. तेथे त्यांनी रॉबर्ट ड्रमंड या गृहस्थांच्या, १८०८ साली मुंबईत छापलेल्या पुस्तकाचा आधार घेतला आहे. ते पुस्तक गुजराती आणि मराठी भाषांविषयीचे, म्हणजे आपल्याच घरचे म्हणावे असे! त्यातील माहितीचा सारांश असा, की आपला व्यवहार कोसळत आहे हे ध्यानी आले म्हणजे व्यापारी आपल्या घरात, दुकानात किंवा पेढीवर मोठा दिवा लावून ठेवी आणि स्वतः काही काळ दूर होई. मग हिशेबाच्या वह्या उघड होऊन शिल्लक मालमत्तेची वाटणी होई आणि सावकारांचे समाधान झाले की तो परत येई. दिव्यावरून ‘दिवाळे’ हा शब्द आला, असे सांगतात. व्युत्पत्तीविषयी मतभेद आहेत, हेही त्याच कोशात प्रामाणिकपणे नमूद केले आहे. आपल्या बाजारपेठांत मात्र दिवसा लावलेल्या दिव्याची हीच कथा पिढ्यान्‌पिढ्या चालत आली.

आता दोन्ही प्रथा शेजारी ठेवून पाहा. तिकडे बाक मोडणारे हात दुसऱ्याचे. इकडे दिवा लावणारा हात स्वतःचा. भर दिवसा, सूर्यप्रकाशात लावलेल्या दिव्याचा उजेडासाठी काही उपयोग नसतो. तो लावायचा तो लोकांना दिसावा म्हणून. ‘माझ्याकडे देण्यास काही उरले नाही, या आणि माझ्या वह्या तपासा’, असे तो दिवा न बोलता सांगत असे. तो अपयशाचा कबुलीजबाब होता, आणि कबुलीजबाब देणारा माणूस पूर्णपणे बुडालेला नसतो.

मग हा शब्द शिवीसारखा कसा झाला? मराठीचे व्याकरणच याची साक्ष देते. दिवाळे ‘निघते’ आणि दिवाळे ‘काढले’ जाते. निघणे म्हणजे ओढवणे. त्यात माणसाचा इलाज चालत नाही. काढणे म्हणजे स्वतः जाहीर करणे. पूर्वी ते धैर्याचे कृत्य होते. पुढे काही लबाडांनी मालमत्ता बायको-मेहुण्यांच्या नावे करून मग दिवाळे काढण्याचा सपाटा लावला आणि ‘त्याने दिवाळे काढले’ या वाक्याला कपटाचा वास येऊ लागला. पुढे ‘दिवाळखोर’ शब्द आला. भांडखोर, चुगलखोर, लाचखोर या मालिकेतला ‘खोर’ हा प्रत्यय खोड दाखवतो, सवय दाखवतो. दुर्दैवाने बुडालेल्या सज्जनालाही आपण तोच प्रत्यय लावून मोकळे झालो. आज तर बुद्धीचे दिवाळे निघते आणि नैतिक दिवाळखोरीचे आरोप होतात. इंग्रजी अमदानीत मुंबई शहरासाठी १९०९ साली आणि आपल्या पनवेलसारख्या मुफसल भागासाठी १९२० साली नादारीचे कायदे झाले. स्वतंत्र भारतात २०१६ साली ‘नादारी व दिवाळखोरी संहिता’ आली. शब्द कायद्यात राहिला. त्यातला दिवा मात्र विझला.

बंधू-भगिनींनो, दिव्याचा विषय निघाला की जैन माणसाला दुसऱ्या एका दिव्याची आठवण होणे अपरिहार्य आहे. इसवी सनपूर्व ५२७ हे परंपरेने मानलेले भगवान महावीरांचे निर्वाणवर्ष. अमावस्येच्या रात्री पावापुरी येथे प्रभूंचे निर्वाण झाले. कल्पसूत्रात वर्णन आहे की मल्ल आणि लिच्छवी असे मिळून अठरा गणराजांनी त्या रात्री दीप उजळले. ज्ञानाचा भावप्रकाश गेला, आता द्रव्यप्रकाश तरी करू, हा त्यामागचा भाव. दिगंबर परंपरेत आचार्य जिनसेनांनी इसवी सन ७८३ मध्ये पूर्ण केलेल्या हरिवंशपुराणातही निर्वाणाच्या स्मरणार्थ होणाऱ्या दीपालिकेचा उल्लेख येतो. म्हणजे आपली दिवाळीसुद्धा एका फार मोठ्या गमावण्यातून सुरू झाली. जे गेले ते गेले, असे मान्य करून लावलेला तो दिवा होता.

त्याच दिवाळीत आपण चोपडापूजन करतो. नव्या वहीच्या पहिल्या पानावर गौतमस्वामींची लब्धी, शालिभद्राची ऋद्धी, अभयकुमाराची बुद्धी, बाहुबलीचे बळ आणि कयवन्ना शेठचे सौभाग्य मागतो. आपल्या पूर्वजांनी ज्ञानाच्या दिव्याशेजारी हिशेबाची वही ठेवली, ती काय उगाच? वही दिव्याच्या उजेडात वाचता यावी, एवढा साधा अर्थ मला त्यात दिसतो. दिवाळीला दरवर्षी वही उजेडात ठेवणाऱ्यावर दिवाळे काढण्याची वेळ सहसा येत नाही, आणि आलीच तर त्याला उजेडाचे भय वाटत नाही.

हे सारे मी पनवेलमध्ये बोलतो आहे, याला कारण आहे. हे गाव पतीवर वाढलेले आहे. १८३० साली बोरघाटाचा गाडीरस्ता खुला झाला. मुंबईहून मचव्या-पडावांतून माल पनवेलच्या बंदरात उतरे आणि येथून बैलगाड्यांनी घाट चढून पुण्याकडे जाई. उतरणारा आणि चढणारा माल, मीठ, भात यांवर येथील पेठ उभी राहिली. १८५२ साली येथे नगरपालिका स्थापन झाली, ती राज्यातील सर्वांत जुन्या नगरपालिकांपैकी एक. पुढे कल्याण-कर्जतमार्गे आगगाडी गेली आणि १८६३ साली ती बोरघाट चढून थेट पुण्याला जाऊ लागली. पनवेल बाजूला पडले. एका रेल्वेरेषेने किती व्यापाऱ्यांची गणिते चुकली असतील, याची कल्पना करावी. त्यात कोणाचाही अपराध नव्हता.

त्या काळी रोख पैसा थोडा आणि शब्द फार, अशी स्थिती होती. हुंडी म्हणजे कागदावर उतरलेला शब्दच. ‘शहाजोग’ हुंडीचे पैसे ज्याची बाजारात पत आहे अशा शहालाच मिळत. हुंडी हरवली तर ‘पेठ’, तीही हरवली तर ‘परपेठ’ लिहून देत. इतक्या विश्वासाने चालणाऱ्या व्यवहारात एक हुंडी सकारली गेली नाही की दहा पेढ्या हलत. म्हणूनच एकाने वेळीच दिवा लावणे हे इतरांवर उपकार होते. त्याच्या पुढच्या हुंडीवर विसंबून बसलेले दहाजण तरी सावध होत.

येथे लहानपणीची एक आठवण सांगतो. मी तेव्हा आठ-नऊ वर्षांचा असेन. आमच्या पेठेतील एका कापड व्यापाऱ्याविषयी वडील एका सकाळी आईला हळू आवाजात म्हणाले, “त्यांनी दिवा लावला.” मी धावत दिवा पाहायला गेलो. दिवा कोठेच नव्हता. पांढऱ्या गादीवर लाल कापडी बांधणीच्या साऱ्या वह्या उघडून ठेवल्या होत्या, समोर देणेकरी मंडळी बसली होती आणि ते गृहस्थ हात जोडून एका कडेला उभे होते. पत्नीचे दागिने त्यांनी स्वतःच आणून गादीवर ठेवले होते. तेव्हा एका वृद्ध सावकाराने त्यातले मंगळसूत्र उचलून आत पाठवून दिले. रुपयाला दहा आणे याप्रमाणे तडजोड ठरली आणि सर्वांनी ती मान्य केली. नाणी दशमान झाली होती, तरी बाजाराची जीभ अजून आण्यांतच बोलत होती.

पुष्कळ वर्षांनी त्या गृहस्थांचा मुलगा आमच्या घरी आला. राहिलेल्या सहा आण्यांची रक्कम त्याने वडिलांपुढे ठेवली. वडील म्हणाले, “अरे, ते तेव्हाच मिटले. तुझ्याकडे आमचे काही येणे नाही.” तो म्हणाला, “काका, तुमच्या वहीत मिटले. आमच्या वहीत अजून उघडे आहे.” वडिलांनी ती रक्कम घेतली. घेतली नसती तर त्याचा अपमान झाला असता, असे ते पुढे म्हणत. त्या दिवशी न दिसलेला दिवा मला तेव्हा दिसला.

मोठ्या प्रमाणावर हेच मुंबईनेही पाहिले. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध चालू होते, तेथील कापूस इंग्लंडला मिळेनासा झाला आणि मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला. शेअर बाजारात सट्ट्याची लाट उसळली. त्या लाटेचे अध्वर्यू होते आपल्याच समाजातील शेठ प्रेमचंद रायचंद. युद्ध संपले, कापसाचे भाव कोसळले आणि १ जुलै १८६५ या वायद्याच्या दिवशी मुंबईतील अनेक पेढ्या बसल्या. प्रेमचंद शेठांचे अफाट वैभवही त्यात गेले. परंतु भरतीच्या दिवसांत त्यांनी मुंबई विद्यापीठाला ग्रंथालयासाठी दोन लाख आणि मनोऱ्यासाठी दोन लाख रुपये दिले होते. १८७८ साली पूर्ण झालेला, त्यांच्या मातोश्रींच्या नावाचा राजाबाई मनोरा आजही उभा आहे. जे साठवले ते एका दिवसात गेले. जे दिले ते राहिले. सट्ट्याचे समर्थन मी करीत नाही. परिग्रह-परिमाण व्रत आपल्याला कशासाठी सांगितले, याचे याहून बोलके उदाहरण मला ठाऊक नाही.

आणि अगदी आपल्या दारातली गोष्ट. ऑगस्ट २०२१ मध्ये रिझर्व्ह बँकेने पनवेलच्या कर्नाळा नागरी सहकारी बँकेचा परवाना रद्द केला. पुरेसे भांडवल नाही आणि उत्पन्नाची शक्यता नाही, असे कारण देण्यात आले. त्यापूर्वीच, फेब्रुवारी २०२० मध्ये, ठेवींवरील विम्याची मर्यादा एक लाखावरून पाच लाखांवर गेली होती. त्यामुळे सुमारे पंचाण्णव टक्के ठेवीदारांना पूर्ण रक्कम मिळेल, असे त्या वेळी सांगण्यात आले. परंतु ज्यांनी निवृत्तीची सारी पुंजी, मुलीच्या लग्नाची रक्कम एकाच ठिकाणी ठेवली होती, त्या उरलेल्या पाच टक्क्यांचे दुःख टक्केवारीत मोजता येत नाही. कोणाचा दोष किती, हे ठरवण्याचे काम न्यायालयाचे, आपले नव्हे. मला एवढेच म्हणायचे आहे, की पूर्वीच्या दिव्याने सावकाराला आतली स्थिती कळत असे. आजच्या ठेवीदाराला ती बहुधा शटर बंद झाल्यावर कळते.

आपल्या शास्त्रकारांनी हा धोका फार पूर्वी ओळखला होता. उमास्वातींच्या तत्त्वार्थसूत्रात सत्य अणुव्रताचे जे पाच अतिचार सांगितले आहेत, त्यांत ‘कूटलेखक्रिया’ म्हणजे खोटे दस्त करणे आणि ‘न्यासापहार’ म्हणजे ठेव बुडवणे, हे दोन आहेत. न्यासापहाराचे आचार्य पूज्यपादांनी केलेले विवरण तर अंतर्मुख करणारे आहे. ठेवणारा आपल्या ठेवीची संख्या विसरला आणि त्याने कमी मागितले, तेव्हा ‘हो, तेवढेच होते’ असे म्हणणे हासुद्धा न्यासापहारच! येथे कोणी चोरी केलेली नाही, केवळ दुसऱ्याच्या विस्मरणाला होकार दिला आहे. तरीही व्रताला डाग लागला. विशेष म्हणजे हा दोष अचौर्याऐवजी सत्याच्या व्रताखाली येतो. पैसा जाण्याआधी खरे बोलणे जाते, हेच त्यातून सुचवले आहे. हेमचंद्राचार्यांनी योगशास्त्रात सद्‌गृहस्थाचे जे पस्तीस गुण सांगितले, त्यांत पहिला गुण न्यायाने मिळवलेले वैभव हाच आहे.

हा मापदंड आपण आपल्या संस्थेलाही लावला पाहिजे. सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० नुसार दरवर्षी लेखापरीक्षण होते, धर्मादाय आयुक्त कार्यालयात हिशेब जातात, हे ठीकच आहे. आपल्या परंपरेचा निकष त्याहून कडक आहे. श्वेतांबर परंपरेत जिनप्रतिमा, जिनमंदिर, जिनागम, साधू, साध्वी, श्रावक आणि श्राविका ही सात क्षेत्रे मानली आहेत. वरच्या क्षेत्राचे द्रव्य खालच्या क्षेत्रात वापरता येत नाही. देवद्रव्य वेगळे, साधारण खाते वेगळे. रत्नशेखरसूरींच्या श्राद्धविधीत देवद्रव्याविषयी जी सावधगिरी सांगितली आहे, ती आजच्या लेखापरीक्षकालाही मार्गदर्शक ठरेल.

आणि येथे एक अप्रिय गोष्ट बोलतो. वडीलकीच्या नात्याने क्षमा करावी. पर्युषणात आपण उत्साहाने बोली बोलतो. टाळ्या पडतात, अनुमोदना होते. मात्र ती रक्कम भरण्यास काही वेळा महिने लागतात, क्वचित वर्षे. बोललेली आणि न भरलेली बोली म्हणजे न सकारलेली हुंडी. परिस्थिती बदलली असेल तर विश्वस्तांना भेटून तसे सांगावे. सांगण्यात कमीपणा नाही, लपवण्यात आहे.

याहून महत्त्वाचा प्रश्न दुसरा आहे, आणि त्यासाठीच मी हा विषय निवडला. आज आपल्यातील एखाद्याचा धंदा बुडू लागला, तर तो दिवा लावील का? मला भीती वाटते, की लावणार नाही. तो आणखी कर्ज काढील, मुलाचे लग्न अधिकच थाटात करील, नवी गाडी घेईल आणि रात्रभर जागा राहील. का? कारण दिवा लावताच आपण त्याला ‘दिवाळखोर’ म्हणू, त्याच्या मुलीचे स्थळ परत पाठवू आणि त्याला पंगतीत शेवटी बसवू, हे तो जाणतो. त्याचा दिवा आपण विझवला आहे. मंगळसूत्र आत पाठवणारे ते वृद्ध सावकार समाजात असतील, तरच वह्या उघडण्याचे धैर्य कोणाला होईल. मांडवगडाविषयी आपल्याकडे कथा सांगतात, की गावात नव्या आलेल्या साधर्मिकाला प्रत्येक घरातून एक नाणे आणि एक वीट मिळे. नव्याने आलेल्याला जे देत असत, ते नव्याने उठू पाहणाऱ्याला देण्यास काय हरकत आहे?

म्हणून सुवर्णमहोत्सवी वर्षात संस्थेला एक नम्र सूचना करतो. समाजातील तीन जाणत्या, तोंड मिटून राहू शकणाऱ्या व्यक्तींची एक समिती नेमावी. अडचणीत आलेल्या व्यापाऱ्याने पाणी गळ्याशी येण्यापूर्वी त्यांच्याकडे जावे आणि वह्या उघडाव्यात. त्यांनी हिशेब पाहावा, देणेकऱ्यांशी मध्यस्थी करावी आणि साधर्मिक निधीतून त्याच्या घरची चूल व मुलांचे शिक्षण चालू राहील एवढे पाहावे. कर्ज संस्थेने फेडावे, असे मी म्हणत नाही. त्याला खरे बोलता यावे अशी एक जागा असावी, एवढेच म्हणतो. साधर्मिक भक्तीच्या जेवणावळी आपण पुष्कळ घातल्या; ही भक्तीही करून पाहू.

नातवाला मी शेवटी सांगितले, “बाळा, तू ब्रोक नाहीस. तुझा खिसा रिकामा आहे आणि तू ते मोकळेपणाने सांगितलेस; म्हणजे तुझे काहीच मोडलेले नाही.” येणाऱ्या दिवाळीला आपण सारे घरोघरी दिवे लावू. त्यांतला एक दिवा क्षणभर आपल्या वहीजवळ धरावा आणि पाहावे, की उजेडात वाचता येणार नाही असे एखादे पान तर त्यात नाही ना.

बोलण्याच्या ओघात जिनाज्ञेविरुद्ध काही बोलले गेले असेल, कोणाचे मन दुखावले असेल, तर मन-वचन-कायेने मिच्छामि दुक्कडम्. जय जिनेंद्र!